नॅट किंग कोल : निवडक गाण्यांचा संच कसा पारखायचा?

माइकजवळ उभं राहून, आवाज न चढवता, कानाशी बोलल्यासारखं गाणाऱ्या अमेरिकन गायकांना क्रूनर म्हणतात. त्यांतल्या नॅट किंग कोलच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ संचांबद्दल या महिन्यात बरेच प्रश्न आले. त्यांतल्या पाच प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

घरातल्या जुन्या कॅसेटवरचं ‘अनफरगेटेबल’ आणि नव्या सीडीवरचं तेच गाणं वेगळं ऐकू येतं. खरं कोणतं?
*एक वाचक, सांगली*

दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही कोलनीच गायलेली आहेत. फरक दहा वर्षांचा आहे.

कोलनी ‘अनफरगेटेबल’ पहिल्यांदा 1951 मध्ये कॅपिटल कंपनीसाठी गायलं. वाद्यमेळ नेल्सन रिडलचा होता आणि ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत. पुढे स्टिरिओचा, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळा आवाज देण्याचा, जमाना आला आणि कंपनीला जुनी गाजलेली गाणी नव्या तंत्रात हवीशी झाली. म्हणून 1961 मध्ये ‘द नॅट किंग कोल स्टोरी’ नावाचा तीन एलपींचा (लाँग-प्ले तबकड्यांचा), 36 गाण्यांचा संच निघाला. त्यात आधीच्या वर्षांतली अनेक गाणी कोलनी स्टिरिओत नव्याने गायली आहेत. ही नवी मुद्रणं पुढे पुष्कळ संचांमध्ये मूळ गाण्याच्या जागी घातली गेली, आणि बहुतेक वेळा वेष्टनावर तसं लिहिलेलं नसतं. तुमच्या बाबतीत हेच झालेलं दिसतं.

दोन्ही लागोपाठ ऐका. 1951 च्या मुद्रणात आवाज अगदी पुढे आहे आणि व्हायोलिनं त्याच्या मागे दाटीवाटीने उभी आहेत. आवाज गुळगुळीत आहे, शब्दाची अखेर हलकेच सोडून दिलेली आहे. 1961 मध्ये वाद्यं डाव्या-उजव्या बाजूंना पसरतात आणि मध्ये भरपूर मोकळी जागा राहते. आवाज किंचित जाडसर, खरखरीत झालेला आहे. कोल सिगारेट फार ओढत. 1965 मध्ये, वयाच्या 45 व्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगाने ते गेले. मधल्या दहा वर्षांत आवाजाला आलेला हा पोत लपत नाही.

1961 चं मुद्रण टाकाऊ नाही. मोठ्या खोलीत, चांगल्या स्पीकरवर ते फार सुंदर वाजतं. पण ज्या गाण्याने 1951 मध्ये लोकांना वेड लावलं, ते हे नव्हे. संचाच्या नावात ‘ओरिजिनल हिट्स’ असेल आणि आत 1961 ची मुद्रणं असतील, तर ती ग्राहकाची फसवणूकच आहे.

‘द ख्रिसमस साँग’ची गत तर आणखी गुंतागुंतीची आहे. ते कोलनी 1946 मध्येच दोनदा गायलं, एकदा फक्त आपल्या पियानो-गिटार-बास त्रिकूटासह आणि एकदा तंतुवाद्यं घेऊन. मग 1953 मध्ये आणि पुन्हा 1961 मध्ये. नाताळात दुकानांतून ऐकू येतं ते बहुधा 1961 चं.

वेष्टनावर ध्वनिमुद्रणाचं साल नाही. मूळ कोणतं आणि नवं कोणतं, हे घरी कसं ओळखायचं?
*एक वाचक, ठाणे*

आधी एक तारीख पाठ करा : 1956 ची अखेर. कोलची खऱ्या स्टिरिओतली पॉप गाणी तेव्हापासून सुरू होतात. ‘व्हेन आय फॉल इन लव्ह’ त्याच सुमाराचं आहे, त्यामुळे ते स्टिरिओत मिळालं तर शंका घ्यायचं कारण नाही. पण ‘नेचर बॉय’ (1948), ‘मोना लिसा’ (1950), ‘टू यंग’ (1951) ही गाणी स्टिरिओत ऐकू आली, तर एक तर ते 1961 चं नवं मुद्रण आहे, नाही तर मोनोला ओढूनताणून स्टिरिओ केलेलं आहे.

हेडफोन लावला की निम्मं काम होतं. खऱ्या मोनोत सगळं डोक्याच्या मधोमध ऐकू येतं. खऱ्या स्टिरिओत गायक मध्ये आणि वाद्यं दोन्ही बाजूंना. बनावट स्टिरिओत एका कानात घुमणारा खर्ज येतो, दुसऱ्या कानात पातळ, चिरका आवाज, आणि गायक पिंपात तोंड घालून गातोय असं वाटतं. कॅपिटलने 1961 पासून ‘ड्युओफोनिक’ नावाने हा उद्योग केला. मोनो मुद्रणातला खर्ज एका बाजूला, वरचे स्वर दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींत किंचितसं अंतर. तेवढ्या अंतराने दोन्ही बाजू एकमेकींत मिसळताना काही स्वर परस्परांना खाऊन टाकतात, म्हणून तो पोकळपणा. जुन्या एलपीवर ‘ड्युओफोनिक’ हा शब्द दिसला तर तबकडी तिथेच ठेवा.

कानावर भरवसा नसेल तर संगणकावर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. सीडीवरचं गाणं वेव्ह फाइल म्हणून उतरवून घ्या. एमपी3 नको, कारण त्यातली काटछाट निकाल बिघडवते. फाइल उघडून ट्रॅकच्या मेनूतून ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’ करा, म्हणजे दोन वेगळ्या पट्ट्या होतील. दोन्हींना ‘नॉर्मलाइझ’ लावा, म्हणजे दोन्हींचा आवाज एका पातळीवर येईल. ही पायरी गाळू नका : एक बाजू एका डेसिबलनेही मोठी असली तर मोनो असूनही अख्खं गाणं हलक्या आवाजात उरतं आणि आपण भलताच निष्कर्ष काढतो. मग खालची पट्टी निवडून ‘इन्व्हर्ट’ (ध्वनिलहर उलटी होते), दोन्ही निवडून ‘मिक्स अँड रेंडर’ (दोन्ही एकत्र होतात आणि त्यांतलं जे सारखं ते रद्द होतं). आता वाजवा.

काहीच उरलं नाही, तर मुद्रण मोनो. गायक गायब झाला, पण बाजूची वाद्यं आणि आवाजाचा प्रतिध्वनी राहिला, तर खरा स्टिरिओ. गाणं जवळपास सगळंच, पण भुसभुशीत आणि पोकळ होऊन राहिलं, तर बनावट. फक्त चरचर आणि टिकटिक उरली, तर तुमची सीडी मोनो तबकडी स्टिरिओ सुईने वाजवून बनवलेली आहे.

ॲपवर कोलचे डझनावारी संच दिसतात. गाणी तीच, कंपन्या अनोळखी. हे कुठून येतं आणि त्यात बरं काही असतं का?
*एक वाचक, न्यू जर्सी*

युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी 50 वर्षांचा होता. 2013 मध्ये तो 70 वर्षांवर गेला, पण ज्यांची मुदत आधीच संपली होती त्यांना ही वाढ मिळाली नाही. त्यामुळे 1962 पर्यंत बाजारात आलेली मुद्रणं तिथे कुणीही काढू शकतो. (भारतात ही मुदत प्रसिद्धीनंतर 60 वर्षं आहे, गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा.) म्हणजे हे संच तिथे बेकायदा असतीलच असं नाही. अडचण एवढीच की या मंडळींकडे मूळ टेप नसते. जुनी तबकडी वाजवून किंवा दुसऱ्याची सीडी उतरवूनच काम चालतं.

तबकडीचा माग काढायला घड्याळ पुरतं. ठरावीक अंतराने येणारी टिक ऐका. ती दर 0.77 सेकंदाला येत असेल तर मूळ तबकडी मिनिटाला 78 फेऱ्यांची, दर 1.8 सेकंदाला येत असेल तर एलपी.

मग वेग तपासा. दोन संचांतलं एकच मुद्रण घ्या. एकात ते पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत 180 सेकंद आणि दुसऱ्यात साधारण 175 सेकंद भरत असेल, तर वेगात तीन टक्क्यांचा फरक आहे आणि पट्टी जवळपास पाव स्वराने वर गेली आहे. कोलचा घोगरा खर्ज अशाने विनाकारण तरुण वाटू लागतो.

सर्वांत जास्त नुकसान खरखर काढण्याच्या हव्यासाने होतं. गाण्याची अगदी सुरुवात आणि शेवटचे तीन सेकंद लक्ष देऊन ऐका. शेवटचा सूर विरताना मागचा मंद फुसफुसाट त्याच्याबरोबरच गिळला जात असेल, किंवा पाण्यात बुडबुडे फुटल्यासारखं वाजत असेल, तर सफाई जास्त झाली. ‘स’ आणि ‘श’ बोथट झाले, ड्रमवरच्या ब्रशची सळसळ गेली, ही त्याचीच लक्षणं. कोलची सगळी जादू श्वासात आणि शब्दाच्या टोकाला आहे. ते पुसून मिळणारी शांतता काय कामाची? थोडी खरखर असलेलं मुद्रण आम्ही केव्हाही पसंत करू.

तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या. एका डेसिबलने मोठं असलेलं मुद्रण कानाला उगाचच चांगलं वाटतं.

वडिलांची कोलची मोनो एलपी स्टिरिओ प्लेअरवर फार खरखरते. सुई बदलू का?
*एक वाचक, कोल्हापूर*

आधी ॲम्प्लिफायरवरचं मोनो बटण दाबून पाहा. मोनो तबकडीत गाणं खाचेच्या आडव्या हालचालीत असतं. उभ्या हालचालीत धूळ आणि झीज यांचा आवाज तेवढा असतो, आणि दोन्ही बाजू एकत्र झाल्या की तो आपोआप रद्द होतो. तरीही त्रास राहिला तर 1 मिलची, म्हणजे 25 मायक्रॉन टोकाची मोनो सुई वापरून बघा. स्टिरिओची साधी गोल सुई 0.7 मिलची असते, ती खाचेत खोल बसते. 78 ची तबकडी यांतल्या कुठल्याच सुईने वाजवू नका, तिला 3 मिलची लागते.

एकच संच घ्यायचा असेल तर त्यात काय असायलाच हवं?
*एक वाचक, पणजी*

निदान चार-पाच गाणी त्रिकूटाची. बहुतेक संच ‘मोना लिसा’पासून पुढचे सगळे वाद्यवृंदी हळुवार नमुने भरतात आणि कोल मुळात किती मोठा पियानोवादक होता हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. 1937 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जमलेलं हे त्रिकूट पियानो, गिटार आणि बास यांचं होतं. ड्रम नाहीच. 1943 मध्ये मुद्रित झालेलं ‘स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट’ ऐका : लय धरायला ड्रम नाही, तरी ती तसूभर हलत नाही, आणि ऑस्कर मूरची गिटार पियानोच्या मोकळ्या जागा नेमक्या हेरते. 1946 चं ‘रूट 66’ही हवंच.

त्यानंतर ‘नेचर बॉय’, ‘मोना लिसा’ आणि ‘अनफरगेटेबल’ मूळ मोनोत. ‘व्हेन आय फॉल इन लव्ह’ आणि ‘स्टारडस्ट’ 1957 च्या अल्बममधली, स्टिरिओत. शेवटच्या काळातलं 1962 चं ‘रॅम्ब्लिन रोझ’ एक पुरे. त्या धाटणीची पाच-सहा असतील तर तेवढ्या जागेत दुसरं काही तरी गाळलेलं आहे. 1991 मध्ये मुलगी नॅटली हिने वडिलांच्या जुन्या मुद्रणावर गायलेलं युगुलगीत संचात असेल तर असू द्या, पण मूळ एकट्याचं ‘अनफरगेटेबल’ गाळून नव्हे.

आणि पैसे देण्याआधी पुस्तिका उघडून पाहा. प्रत्येक गाण्यापुढे मुद्रणाचं साल आणि वाद्यमेळ कुणाचा हे छापलेलं असेल, तर कुणी तरी मन लावून काम केलेलं आहे. फक्त संच निघाल्याचं साल आणि ‘डिजिटली रीमास्टर्ड’ एवढंच असेल, तर पंचवीस गाण्यांतली किती मूळ आहेत हे तुम्हाला घरी हेडफोन लावूनच शोधावं लागेल.