कोपीच्या दारापासून सुरुवात कर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

मानवी सुरक्षा या विषयावर लघुशोधप्रबंध लिहायचा आहे आणि त्यातून पुढे कोणत्या संधी मिळतील, असे तू विचारले आहेस. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४च्या मानव विकास अहवालात अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी सुरक्षेची चर्चा देशाच्या सीमेवरून माणसाच्या घरात आणली आणि अन्न, आरोग्य, उपजीविका धरून तिची सात अंगे मांडली. हा इतिहास दोन पानांत संपव. उरलेली पाने बीडच्या ऊसतोड कामगारांसाठी राख, कारण तिथे पाहायला पुष्कळ आहे आणि नीट लिहिलेले अजून थोडे आहे.

नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फिटेपर्यंत ती जोडी बांधलेली असते. पाळीच्या दुखण्याने बाई एक दिवस कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, थांबली, तर खाडा धरला जातो आणि त्याचा दंड हिशेबात चढतो. गर्भाशय काढण्याच्या ज्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी राज्य सरकारने २०१९ मध्ये समिती नेमली, त्यांचे एक मूळ पाळीमुळे पडणारा हा खाडा टाळण्याच्या धडपडीत आहे. मानव विकास अहवालात वेगवेगळ्या मांडलेल्या मजुरी, आरोग्य आणि वैयक्तिक सुरक्षा या बाबी मुकादमाच्या वहीतल्या एकाच ओळीत एकत्र येतात, हे तुला दाखवता आले तर तुझा प्रबंध उभा राहील.

मुलाखती पावसाळ्यात, बायका गावी असताना घे आणि मुकादमासमोर एकही प्रश्न विचारू नकोस. शस्त्रक्रियेचा विषय समोरच्या बाईने स्वतः काढला तरच बोल. नावे बदलणे हे तर गृहीतच आहे.

लेखनाची सुरुवात पुस्तक-परीक्षणाने कर. मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त परीक्षणांना आणि टिपणवजा लेखांना जागा असते, मराठीत ‘समाज प्रबोधन पत्रिका’ आहे. पीएच.डी.ला नोंदणी झाली की भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या अधिछात्रवृत्तीसाठी अर्ज करता येईल. नेट-जेआरएफ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी मात्र आत्ताच सुरू कर. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या नियतकालिकांकडे अजिबात वळू नकोस. माझ्या एका गुणी विद्यार्थ्याचे वर्षभराचे काम असेच वाया गेले, याची मला अजून हळहळ वाटते.

गावी जाण्याआधी प्रश्नावलीचा कच्चा खर्डा मला पाठव, आणि तो मराठीतच लिही.