शंका-समाधान : मुंबईची ट्राम आता कुठे पाहावी?

मुंबईच्या ट्रामविषयी विचारणा करणारी काही पत्रे हाती होती. विषय एकच असल्याने त्यांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत.

प्रश्न : दादरच्या पूर्वेकडील चौकाला आम्ही सारेच ‘दादर टी.टी.’ म्हणतो, प्रत्यक्षात त्याचे नाव खोदादाद सर्कल आहे. मग हे ‘टी.टी.’ आले कुठून? (एक वाचक, माटुंगा)

उत्तर : ‘टी.टी.’ म्हणजे ट्राम टर्मिनस. दादरच्या या चौकाशी ट्रामचा मार्ग संपत असे, म्हणून लोकांनी त्या जागेलाच ते नाव दिले. मुंबईतील शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी रात्री बोरीबंदरहून दादरकडे निघाली आणि तिच्याबरोबर शहरातील ट्रामयुग संपले. त्यानंतर जन्मलेल्या आणि उभ्या आयुष्यात ट्राम न पाहिलेल्या दोन पिढ्या आजही ‘टी.टी.ला उतरायचे आहे’ असे सहज सांगतात. माझ्या मते हा ट्रामचा सर्वांत जिवंत अवशेष आहे, कारण तो जपण्यासाठी कोणालाही काही करावे लागलेले नाही.

असाच दुसरा अवशेष बसच्या अंगावर लिहिलेला असतो. ‘बेस्ट’ या नावातील शेवटचे अक्षर मुळात ‘ट्रामवेज’ या शब्दाचे होते. १९०५ साली स्थापन झालेल्या कंपनीचे नाव ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी’ असे होते. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या अवघा आठवडाभर आधी, ती कंपनी महापालिकेच्या ताब्यात आली आणि ‘ट्रामवेज’च्या जागी ‘ट्रान्सपोर्ट’ हा शब्द आला. आद्याक्षर तेच असल्याने हा बदल फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

प्रश्न : मुंबईत ट्राम आधी घोडे ओढत असत, हे खरे आहे का? त्या काळची व्यवस्था कशी होती आणि ती विजेवर केव्हा आली? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : होय, पहिली तेहतीस वर्षे मुंबईची ट्राम घोड्यांनीच ओढली. १८७३ साली ‘बॉम्बे ट्रामवे कंपनी’ स्थापन झाली, पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात ट्रामसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि ९ मे १८७४ रोजी पहिली गाडी रस्त्यावर आली. आरंभी दोन मार्ग होते : एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीपर्यंत आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीपर्यंत. या मार्गांची निवड विचारपूर्वक केलेली दिसते. कोट आणि कुलाब्याकडील कचेऱ्या व गोद्या एका टोकाला, तर दाट वस्तीचे व्यापारी शहर दुसऱ्या टोकाला, अशी ही जोडणी होती. सुरुवातीचे भाडे तीन आणे होते आणि तिकीट दिले जात नसे. पुढे भाडे दोन आण्यांवर आले आणि तिकिटेही सुरू झाली. तीन आणे ही त्या काळच्या कष्टकऱ्याला रोज परवडणारी रक्कम नव्हती, त्यामुळे भाड्यातील ही कपात ट्राम सर्वसामान्यांची होण्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली.

घोड्यांच्या गाड्या तर शहरात आधीपासूनच होत्या, मग रूळ टाकण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडतो. खडबडीत रस्त्यावर चाकाला जितका अडथळा होतो, त्याच्या मानाने लोखंडी रुळावर तो फारच थोडा असतो. म्हणून तेच घोडे रुळांवरून कितीतरी अधिक माणसे ओढू शकतात. घोडागाडीचे सार्वजनिक वाहनात रूपांतर झाले ते या साध्या गोष्टीमुळे. तरीही जनावरांचा खर्च सुटत नव्हता. ही ट्राम चालवणाऱ्या स्टर्न्स आणि किट्रेज यांच्या पागेत सुमारे ९०० घोडे होते, असे नोंदलेले आहे. प्रत्येक घोडा दिवसात थोडेच तास काम करू शकतो, दाणावैरण मात्र त्याला रोजची लागते, आजारपणही असते. शिवाय मुंबईचा उन्हाळा घोड्याला मानवणारा नाही. ही सेवा त्या मुक्या जनावरांच्या कष्टांवर उभी होती, आणि ट्रामविषयी जिव्हाळ्याने बोलताना त्यांची आठवण ठेवली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. कंपनीची कचेरी कुलाबा कॉजवेच्या पश्चिम बाजूस होती. त्याच जागी आज ‘इलेक्ट्रिक हाऊस’ उभे आहे.

१८९९ मध्ये कंपनीने विजेवर ट्राम चालवण्याची परवानगी महापालिकेकडे मागितली. परंतु खर्च, मालकीहक्क आणि कायदेशीर वाटाघाटी यांत काही वर्षे गेली. अखेर १९०५ मध्ये वर उल्लेखिलेली नवी कंपनी स्थापन झाली, तिने जुनी ट्राम कंपनी विकत घेतली, वाडीबंदर येथे वीजकेंद्र उभारले आणि ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम धावली. गर्दी वाढत गेली तशी सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्रामही आली. डोक्यावरील तारेला टेकलेल्या दांड्यातून वीज गाडीत येई आणि रुळांवाटे परत जाई. शेवटच्या थांब्यावर गाडी वळवावी लागत नसे; दांडा फिरवून दुसऱ्या टोकाकडे लावला आणि चालक त्या टोकाला गेला, की गाडी परतीला तयार होई.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. शहराला दिवे देणारी आणि ट्राम चालवणारी कंपनी एकच होती, आणि बेट-शहराच्या मोठ्या भागात आजही ‘बेस्ट’च वीजपुरवठा करते. कुलाब्यात किंवा परळला राहणाऱ्या माणसाच्या हाती दरमहा येणारे विजेचे बिल हे त्या ट्राम कंपनीच्या वंशातलेच आहे.

प्रश्न : नाशिकलाही ट्राम होती, असे ऐकले. त्यात तथ्य आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आहे. १८८९ साली जुन्या शहरातील मेन रोडपासून नाशिकरोड स्थानकापर्यंत अरुंद रुळांची ट्राम सुरू झाली. तिचे दोन डबे आरंभी चार घोडे ओढत. तिचे सल्लागार अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे होते, ज्यांचे नाव पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे सर्वत्र झाले. १९३०च्या दशकाच्या प्रारंभी ही ट्राम बंद पडली.

प्रश्न : मुंबईत ट्रामचे रूळ किंवा डबे आज पाहायला मिळतात का? छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर एक ट्राम उभी आहे, ती जुनी मुंबईचीच का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : प्रश्नाच्या शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण त्याबाबत पुष्कळांचा गैरसमज आहे. टर्मिनससमोर भाटिया बागेत ठेवलेला डबा मुंबईच्या रस्त्यांवर कधीही धावलेला नाही. तो ‘बेस्ट’ने कोलकात्याहून आणलेला आहे. मुलांना ट्राम म्हणजे काय हे दाखवण्यासाठी तो उत्तम आहे आणि तो आणला हे चांगलेच झाले, मात्र तो दाखवताना ही गोष्टही सांगावी.

अस्सल मुंबईचे रूळ पाहायचे असतील तर हुतात्मा चौकात जावे. ट्राम बंद झाल्यावर सगळेच रूळ उखडले गेले नाहीत; कित्येक ठिकाणी त्यांच्यावर डांबराचे थर चढत गेले आणि ते रस्त्याखाली तसेच राहिले. फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराच्या वेळी परिसरात खोदकाम झाले, तेव्हा हे रूळ आणि त्यांच्या लगत बसवलेले काळे दगड वर आले, आणि रुळांचा काही भाग लोकांना पाहता यावा म्हणून तेथेच ठेवण्यात आला. कारंजे पाहून लोक निघून जातात. आपण दोन पावले थांबून खाली पाहावे. याखेरीज ‘बेस्ट’च्या ‘आणिक’ नावाच्या बस आगारातील संग्रहालयात ट्रामच्या प्रतिकृती आणि शहराच्या वाहतुकीच्या इतिहासातील अन्य वस्तू पाहायला मिळतात.

प्रश्न : इतकी स्वस्त आणि धूर न सोडणारी सेवा बंद का केली? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मोटारबस मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर सुरू झाली, आणि दोन्ही वाहनांची तुलना तेव्हापासूनच होऊ लागली. बसला मार्ग बदलता येतो, वाटेत अडथळा आला तर तिला बाजूने जाता येते. ट्राम मात्र रस्त्याच्या मध्यावर रुळांना जखडलेली असल्याने एक गाडी अडली की मागच्या सर्व गाड्या अडत. मोटारी वाढल्या, गाड्या व रूळ जुने झाले, त्यांच्या नूतनीकरणाचा खर्च पेलण्यापेक्षा बस घेणे सोयीचे वाटले, आणि टप्प्याटप्प्याने एकेक मार्ग बंद होत गेला. विजेवरील वाहतूक पूर्णपणे सोडायची नाही, असाही एक प्रयत्न झाला : ११ जून १९६२ रोजी गवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ट्रॉलीबस, म्हणजे डोक्यावरील तारेतून वीज घेणारी पण रुळांविना धावणारी बस, सुरू झाली, परंतु २४ मार्च १९७१ रोजी तीही थांबली.

त्या काळच्या निर्णयाला दोष देणे मला न्याय्य वाटत नाही, कारण तेव्हा जगभरातील अनेक शहरांनी तोच मार्ग धरला होता. दिल्लीची ट्राम मुंबईच्या एक वर्ष आधी, १९६३ मध्ये बंद झाली, चेन्नईची तर १९५३ मध्येच. खंत वाटते ती एवढीच, की बंद करताना मुंबईने स्वतःच्या ट्रामचा एकही डबा रस्त्यालगत, सर्वांच्या नजरेसमोर ठेवला नाही, आणि पुढे तो कोलकात्याहून आणावा लागला.