नियोजित सिझेरियनच्या वेळी अंगावर काय असावे, आणि आत नेमके काय होते?

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे की सिझेरियनची तारीख ठरली आहे, पिशवी भरायला घेतली आहे, आणि कपड्यांसारखी क्षुल्लक गोष्ट विचारल्याबद्दल माफ करावे. त्यात क्षुल्लक काहीही नाही. हाच प्रश्न मी माझ्या बाळंतपणाआधी घरात विचारला होता, आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंनी ‘तिथे कपडे काढायचे असतात, घालायचे कसले?’ असे म्हणून तो उडवून लावला होता. त्यांचे म्हणणे तेव्हाही चुकीचे होते आणि आजही चुकीचेच आहे, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहिते.

शस्त्रक्रियागृहात स्वतःचे कपडे चालत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. रुग्णालयाचा गाऊन आणि डोक्याला टोपी एवढेच अंगावर राहते; अंतर्वस्त्रेही काढावी लागतात, कारण पोट धुऊन घ्यायचे असते आणि लघवीची नळी घालायची असते. दागिने घरीच ठेवा. अंगठी तर काही आठवडे आधीच काढून ठेवा, कारण शेवटच्या महिन्यात बोटे सुजतात आणि सलाईन चढल्यावर आणखी सुजतात. नखांना रंग नको, कारण रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा बोटालाच लावतात. डोळ्यांतल्या लेन्स काढाव्या लागतात. पण चष्म्याबद्दल मात्र आग्रहाने विचारा, कारण चष्म्यावाचून तुम्हाला हातभर अंतरावरचे धूसर दिसत असेल तर बाळाचा पहिला चेहराही धूसरच दिसेल. चष्मा आत नेऊ देण्यात बहुधा कोणाचीच हरकत नसते, फक्त कोणीतरी विचारावे लागते. आणखी एक गोष्ट अनेक जणी चांगल्या हेतूने करतात आणि ती करू नये: घरी वस्तऱ्याने केस काढू नका. वस्तऱ्याने त्वचेवर बारीक ओरखडे पडतात आणि जखमेत जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. काढायचेच असतील तर तिथल्या सिस्टर यंत्राने कापतात.

आता गाऊनबद्दल, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. या गाऊनचे बंद, म्हणजे नाड्या, सहसा पाठीमागे बांधतात. त्याचा परिणाम असा होतो की बाळ बाहेर आल्यावर त्याला आईच्या छातीवर ठेवायचे म्हटले तर मध्ये कापड येते, गाऊन अंगाखाली दबलेला असतो, छातीवर हृदयाच्या नोंदीची चिकटपट्ट्यांची बटणे असतात, एका हाताला रक्तदाबाचा पट्टा आणि दुसऱ्याला सलाईन. मग बाळ क्षणभर दाखवतात आणि घेऊन जातात. ही कोणाची दुष्टबुद्धी नसते, तयारी केलेली नसते इतकेच. मी आधीच्या तपासणीला गेले तेव्हा भूलतज्ज्ञांना विचारले की गाऊन उलटा, म्हणजे बंद पुढे येतील असा घातला तर चालेल का. त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितले की चालेल. मणक्यात सुई देताना तो मागून वर उचलता येईल, बटणे खांद्यांकडे आणि बाजूला लावता येतील, आणि रक्तदाबाचा पट्टा व सलाईन शक्य तर एकाच बाजूला ठेवून उजवा हात मोकळा सोडता येईल.

प्रत्यक्ष त्या सकाळी गाऊन घालायला आलेल्या सिस्टरना हे कोणी सांगितलेले नव्हते. ‘आमच्याकडे गाठ मागेच येते,’ असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होते. मी त्यांना भूलतज्ज्ञांना विचारून या अशी विनंती केली. जाऊबाई दारातच उभ्या होत्या. ‘शस्त्रक्रिया आहे, फोटो काढायला चाललेली नाहीस, इथे कसले हट्ट करतेस?’ असे त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. मी काही बोलले नाही, पण गाऊनही घातला नाही, हातात धरून बसून राहिले. भूलतज्ज्ञ स्वतः आले, ‘यांचे आमच्याशी बोलणे झालेले आहे’ एवढेच म्हणाले आणि विषय संपला. पुढे बाळ बाहेर आले, पुसले, टोपी घातली आणि दोन बंद सोडून ते थेट माझ्या छातीवर आडवे ठेवले, वरून ऊबदार पांघरूण. त्याचा ओला गाल माझ्या गळ्याच्या हाडाखाली टेकला होता आणि केसांना अजून पांढरट चिकट थर होता. माझा हात भुलीमुळे इतका थरथरत होता की यजमानांनी आपला हात माझ्या हाताखाली धरला होता. तिकडे पोट शिवणे चालले होते आणि त्याकडे माझे लक्षही नव्हते. हे सगळे त्या दोन बंदांमुळे शक्य झाले, म्हणून कपड्यांचा विचार म्हणजे लाड असे कोणी म्हटले की मला आजही राग येतो.

बाकी अपेक्षा काय ठेवावी तेही लिहिते. नियोजित सिझेरियन, काही वैद्यकीय कारण नसेल तर, ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर करतात, कारण त्याआधी जन्मलेल्या बाळांना श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. जेवण साधारण ६ तास आधी थांबवायला सांगतात आणि पाण्यासारखे स्वच्छ द्रव २ तास आधीपर्यंत घेऊ देतात. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर त्यांचेच ऐका. पोटातले आम्ल कमी करणारे औषध देतात, आणि चिरा देण्याआधी प्रतिजैविक शिरेतून देतात.

भूल बहुतेक वेळा कमरेत, मणक्यात देतात. पाठीचा कणा बाहेर येईल अशी पाठ वाकवून, हनुवटी छातीला लावून बसायचे असते, आणि एवढे मोठे पोट मध्ये असताना ते जमवणे हेच खरे कष्टाचे काम असते. सुईची टोचणी क्षणभर असते. मग पाय ऊबदार आणि जड होतात. भूल कुठवर चढली हे थंड फवारा किंवा बर्फ लावून तपासतात, आणि ती छातीपर्यंत चढली याची खात्री झाल्यावरच चिरा देतात. या वेळी श्वास पुरेसा येत नाही असे वाटू शकते, कारण छातीची हालचाल आपल्याला जाणवत नसते; सांगावे, घाबरू नये. एकदम मळमळले तर तेही त्याच क्षणी सांगावे. बहुतेक वेळा रक्तदाब उतरल्यामुळे तसे होते आणि सलाईनमधून औषध दिल्यावर मिनिटभरात बरे वाटते. टेबल थोडे डावीकडे कलते ठेवतात, कारण भरलेले गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर दाब देत असते. आपण पडू असे वाटते, पण पडत नाही.

वेदना होत नाही, स्पर्श मात्र कळतो. कोणीतरी पोटात हात घालून ओढते आहे, ढकलते आहे हे स्पष्ट समजते, आणि बाळ बाहेर काढताना छातीच्या खाली जोराचा दाब येतो. हे आधी कोणी सांगितलेले नसेल तर भूल उतरली की काय या भीतीने जीव घाबरा होतो. पाणी खेचणाऱ्या नळीचा आवाज येतो. रक्तवाहिन्या बंद करणाऱ्या उपकरणामुळे जळल्यासारखा वास येतो, तोही नेहमीचाच आहे. चिरा दिल्यापासून बाळ बाहेर यायला बहुधा ५ ते १० मिनिटे लागतात. नंतरचा अर्धा-पाऊण तास वार काढणे आणि थर शिवणे यात जातो. बाळ ठीक असेल तर नाळ किमान एक मिनिट थांबून बांधावी असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आपल्या डॉक्टरांना याबद्दल आधीच विचारून ठेवा.

आता पिशवीत काय घालावे ते. पहिले दिवस गुडघ्यापर्यंतचा, पुढून उघडणारा, सैल सुती गाऊन हाच उत्तम, कारण लघवीची नळी असते, पाजायचे असते आणि पायजमा वर ओढण्याइतके वाकता येत नाही. अंतर्वस्त्रे उंच कमरेची, बेंबीच्या वर येणारी, सुती आणि नेहमीपेक्षा मोठ्या मापाची घ्या. नेहमीच्या अंतर्वस्त्राचे इलॅस्टिक नेमके जिथे बसते तिथेच सिझेरियनचा आडवा चिरा असतो. माझ्या पिशवीतली ही मोठ्या मापाची अंतर्वस्त्रे जाऊबाईंनी ‘आजीबाईंची’ म्हणून काढून ठेवली होती आणि त्यांच्या जागी घरी जाताना घालायला नवा, कमरेत घट्ट पोशाख ठेवला होता. दुसऱ्या दिवशी नळी काढल्यावर जे होते तेच घालावे लागले आणि इलॅस्टिक टाक्यांवर रुतले. यजमान घरी जाऊन माझी काढून ठेवलेली अंतर्वस्त्रे घेऊन येईपर्यंत मी उभीच राहिले, कारण बसले की ते आणखी रुतत होते.

सिझेरियन झाले तरी अंगावरून जातेच, आणि ते सहा आठवड्यांपर्यंत चालू राहू शकते. मोठे पॅड भरपूर न्या. पादत्राणे वाकावे न लागता पाय सरकवता येतील अशी आणि न घसरणारी हवीत, आणि पाय सुजतात म्हणून थोडी सैल. पाजण्याची अंतर्वस्त्रे तारेविना आणि एक माप मोठी, कारण दूध भरून आल्यावर छातीचे माप बदलते. घरी जाताना गरोदरपणातलेच सैल कपडे घाला; पोट लगेच उतरत नाही आणि त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून घट्ट मोजे देतात, ते कंटाळा आला म्हणून काढू नका.

पहिल्यांदा उठणे हा सगळ्यात अवघड भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाटेखाली सोडा, मग खालच्या कोपरावर आणि वरच्या तळहातावर भार देऊन अंग वर आणा. खोकताना, शिंकताना, हसतानासुद्धा पोटावर उशी घट्ट दाबून धरा. वेदनाशामक गोळी दुखायला लागण्याची वाट न पाहता दिलेल्या वेळेला घ्या. सहन करण्यात काही मोठेपणा नाही, दुखते म्हणून न हलणाऱ्या बाईला गुठळ्यांचा धोका जास्त असतो. खांद्यात कळ आली तर घाबरू नका, पोटात साठलेल्या वायूमुळे आणि रक्तामुळे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला त्रास होतो आणि दुखणे खांद्यात जाणवते. मणक्यातल्या भुलीत वेदनाशामक मिसळलेले असेल तर अंगाला खाजही सुटते.

जाऊबाई नंतर कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत असत की हिला काय, वेणा नाहीत की काही नाही, झोपून राहिली आणि मूल हातात आले. तुमच्या घरात असे म्हणणारे कोणी असेल तर त्यांना हे खुशाल वाचून दाखवा. त्वचा, चरबी, त्याखालचे चिवट आवरण आणि गर्भाशयाची भिंत कापली जाते, पोटाचे स्नायू दोन बाजूंना ओढून दूर केले जातात, आणि हे सगळे भरून यायच्या आत त्याच बाईने रात्री दर दोन-तीन तासांनी उठून बाळाला पाजायचे असते. त्यांनी दोन बाळंतपणे वेणा देऊन केली आहेत आणि त्याबद्दल मला आदर आहे. त्या आदरासाठी माझे बाळंतपण खोटे ठरवण्याची गरज नव्हती. मी त्यांना हे तोंडावर सांगितले, आणि त्यानंतर हा विषय त्यांनी माझ्यासमोर काढलेला नाही.

काही गोष्टी राहिल्या. गाऊन उलटा घालणे प्रत्येक ठिकाणी मान्य होईलच असे नाही, आणि पूर्ण भूल द्यावी लागली, रक्तस्राव जास्त झाला किंवा बाळाला श्वासासाठी मदत लागली तर ही सारी योजना बाजूला ठेवावी लागते. तेव्हा हट्ट करू नका. बाळ ठीक असेल तर अशा वेळी वडिलांच्या छातीवरही ठेवता येते, हे यजमानांना आधीच सांगून ठेवा आणि त्यांनाही पुढून उघडणारा सदरा घालायला सांगा. यजमानांना आत येऊ देतात की नाही हेही आधी विचारा. जोडीला दोन प्रश्न भूलतज्ज्ञांना, गाऊनचा आणि चष्म्याचा, आणि एक स्त्रीरोगतज्ज्ञांना, नाळेचा; आणि मिळालेली उत्तरे तुमच्या कागदपत्रांवर लिहून घ्या, म्हणजे त्या सकाळी जे कोणी कामावर असतील त्यांना ती दिसतील.

घरी आल्यावर ताप, जखमेची लाली किंवा तिच्यातून पाणी येणे, पोटरीत दुखणे किंवा एकाच पायाला सूज, धाप लागणे, तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, किंवा उठून बसले की वाढणारी आणि आडवे झाले की थांबणारी तीव्र डोकेदुखी, यांतले काहीही झाले तर घरच्यांचा सल्ला न घेता थेट डॉक्टरांना फोन करा.