दोन कुंड्या, एक वही आणि कलम वीस

प्रश्न : मी एकतीस वर्षांचा आहे. आईसोबत राहतो, फ्लॅट तिच्या नावावर आहे. पाठदुखीमुळे रात्र-रात्र झोप लागत नाही, म्हणून गांजाचं बी मिळवून बाल्कनीतल्या कुंड्यांत लावलं. चारपैकी दोन झाडं जगली. एकाला फुलोरा आलाय, पंधरा दिवसांत कापता येईल. विकायचा विचार नाही. आईला ती अंबाडी वाटते, मी कामावर गेलो की तीच पाणी घालते. गेल्या आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी खालून झाडं पाहिली. “हे काय आहे ते मला कळतं, रविवारच्या मीटिंगमध्ये विषय घेतो,” म्हणाले. घरच्या वापरापुरती दोन झाडं हाही गुन्हा आहे का? जर्मनीत तीन चालतात असं वाचलं. आत्ताच कापून वाळवलं तर माल एक किलोच्या खूप आत भरेल, मग जामीन सहज मिळतो ना? आईवर काही येईल का? की सरळ उपटून टाकू? पेरल्या दिवसापासूनच्या नोंदी माझ्याकडे वहीत आहेत. फोटोही आहेत, हवे तर पाठवतो.

उत्तर : फोटो पाठवू नका. मला नको, मित्राला नको, कुणालाच नको. मी तुमचा वकील नाही, सल्ल्याच्या सदरात उत्तर देणारी व्यक्ती आहे. अशिलाने आपल्या वकिलाला सांगितलेल्या गोष्टींना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण असतं. ते संरक्षण या पत्राला मिळेल असं गृहीत धरून पुढे एक ओळही लिहू नका.

आता मुद्द्याचं. हो, गुन्हा आहे. १९८५ च्या ज्या कायद्याला सरकारी मराठीत ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’ म्हणतात आणि कोर्टात सगळे एनडीपीएस म्हणून मोकळे होतात, त्याच्या कलम ८ ने गांजाच्या झाडाची लागवड सरसकट मना केली आहे. परवानगी मिळते ती वैद्यकीय, शास्त्रीय किंवा धागा-बियाण्यासारख्या औद्योगिक कामासाठी, आणि तीही सरकारच्या परवान्याने. उत्तराखंडने २०१८ पासून असे परवाने दिले, पण ते नशा जवळजवळ नसलेल्या वाणासाठी. घरच्या वापरासाठी अमुक इतकी झाडं चालतील, असं या कायद्यात कुठेही नाही. झाडांचा किमान आकडाच नाही. एक झाडही लागवड, शंभरही लागवड. कुंडी की वावर, याने कलम बदलत नाही.

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना घरी तीन झाडं लावता येतात, हे खरं. त्याचा तुमच्या बाल्कनीशी संबंध शून्य. असाच आणखी एक गैरसमज फिरत असतो, की संयुक्त राष्ट्रांनी गांजा कायदेशीर केला आणि भारतानेही त्या बाजूने मत दिलं. डिसेंबर २०२० मध्ये मतदान झालं आणि भारताने बाजूने मत दिलं, एवढाच भाग बरोबर आहे. त्या मताने आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीतून गांजाचं नाव गेलं. आपल्या कायद्यातला स्वल्पविरामही हलला नाही.

तुमचा खरा घोटाळा झालाय तो ‘एक किलोच्या आत’ या हिशोबात, आणि त्यात तुम्ही एकटे नाही. ऑक्टोबर २००१ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे एक किलोपर्यंत गांजा ‘अल्प प्रमाण’ आणि वीस किलोहून जास्त म्हणजे ‘व्यावसायिक प्रमाण’. अल्प प्रमाणाला शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे वाचून माणूस निर्धास्त होतो. पण हे प्रमाण कलम २० च्या दुसऱ्या भागाचं आहे, जो भाग गांजा बाळगणं, विकणं, नेणं-आणणं याबद्दल बोलतो. पहिला भाग फक्त लागवडीचा. तिथे वजनाचा काटाच नाही. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. म्हणजे वाळवून डब्यात भरलेल्या दीडशे ग्रॅम गांजाला कमाल एक वर्ष, आणि ज्या झाडावर तो लागला त्या जिवंत झाडाला कमाल दहा. विचित्र वाटेल, पण कायदा असाच लिहिला आहे. कापणीने पहिला गुन्हा पुसला जात नाही, त्याच्या शेजारी दुसरा येऊन बसतो.

बी ते कापणी या प्रवासात कायद्याची नजर कशी बदलते तेही सांगतो. निव्वळ बी गांजाच्या व्याख्येत येत नाही. शेंड्यांशिवायची नुसती पानंही नाहीत, पण पानांच्या भांगेवर राज्यांचे वेगळे निर्बंध असतात, त्यामुळे ती पळवाट समजू नका. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेच्या बियांना आणि त्यांच्या तेलाला खाद्य म्हणून मान्यताही दिली. ही सूट खाण्यापुरती. तेच बी मातीत टोचलं, उगवलं, की कायद्याच्या भाषेत ते ‘कॅनबिस वंशाचं कोणतंही रोप’ होतं. कोणतंही म्हणजे नर झाडही, ज्याला गांजाचा फुलोरा येतच नाही. कमी नशेचं वाणही. बोटभर उंचीचं रोपही. फुलोरा आला की त्या शेंड्यांना ‘गांजा’ हे नाव मिळतं. तुमचं एक झाड या शेवटच्या पायरीवर आहे, दुसरं अलीकडे. कलमाला दोन्ही सारखीच.

मग बचाव कुठे असतो? लागवड या शब्दात. झाड उगवणं वेगळं आणि ते लावून वाढवणं वेगळं. अलख राम विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या २००४ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं. जमिनीवर गांजाची झाडं सापडली होती, पण जमीन कुटुंबातल्या इतरांचीही होती आणि ती झाडं यानेच लावली हे सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. मातीत पडलेलं बी आपसूकही रुजतं, हे न्यायालयाने ध्यानात घेतलं. डोंगराळ भागात ही झाडं रानोमाळ उगवतात, त्यामुळे हा निर्णय शेतकऱ्यांच्या फार कामाचा आहे.

तुमच्या किती कामाचा? बाल्कनीतल्या कुंडीत आपसूक रुजलेलं झाड मी तरी न्यायाधीशांना पटवू शकणार नाही. त्यात तुमची वही. पेरणीची तारीख, उंची, खत, कळी कधी दिसली. बागकाम करणाऱ्याचा हा गुण, पण सरकारी वकिलाला याहून चांगला साक्षीदार शोधूनही मिळणार नाही. दुसरीकडे, हीच वही आणि दोनच कुंड्या असंही दाखवतात की हा धंदा नव्हता. कलम २० च्या या भागात किमान शिक्षा नाही. दहा वर्षं ही कमाल मर्यादा आहे, म्हणून न्यायाधीशांना मोकळीक असते. प्रमाण, हेतू, पूर्वीचं रेकॉर्ड यांना तिथे वजन येतं. ‘दुखण्यासाठी लावलं’ हे शिक्षा ठरवताना ऐकलं जाऊ शकतं. गुन्हा झालाच नाही असं त्याने ठरत नाही.

जामिनाचं. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे की या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र आहेत, अल्प प्रमाणाचेही. त्यामुळे पोलीस ठाण्यातूनच हक्काने सुटका होईल या भरवशावर राहू नका. पण अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे, तो न्यायालय देतं. कलम ३७ च्या ज्या जाचक अटींमुळे या कायद्यातले आरोपी वर्षानुवर्षं आत राहतात, त्या व्यावसायिक प्रमाणाला आणि मोजक्या काही कलमांना लागू आहेत. लागवडीचं हे कलम त्या यादीत नाही. अटकपूर्व जामिनाचा दरवाजाही बंद नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात अर्ज करता येतो. तुमच्यासारख्या प्रकरणात, दुसरं काही सापडलं नाही तर, जामिनाची बाजू बरी असते. ‘सहज’ हा शब्द मात्र तुमच्या पत्रातून काढून टाका.

आईबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत. मला ती सगळ्या पत्रातली सर्वांत जड वाटली. घर त्यांच्या नावावर, पाणीही त्या घालतात. कलम २५ म्हणतं की घराचा मालक किंवा ताबेदार जाणूनबुजून आपली जागा अशा गुन्ह्यासाठी वापरू देत असेल, तर त्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. मूळ गुन्ह्याचीच, म्हणजे तीच दहा वर्षांपर्यंतची. सगळा भार ‘जाणूनबुजून’ या एका शब्दावर आहे. त्यांना ती अंबाडी वाटते, आणि अंबाडीचं पान खरंच इतकं सारखं दिसतं की वनस्पतिशास्त्रातलं तिचं नावच कॅनबिसवरून पडलं. तेव्हा त्यांचा बचाव बनावट नाही, खरा आहे. पण हा कायदा काही बाबतींत आरोपीच्या मनात गुन्हेगारी हेतू होता असं आधी धरून चालतो आणि तो नव्हता हे आरोपीनेच सिद्ध करायचं असतं. हे कलम ३५. एका वयस्क बाईला विशेष न्यायालयात उभं राहून ‘मला अंबाडी वाटली’ हे शाबीत करायला लागावं, ही वेळ तुम्ही आणली आहे. स्पष्ट बोललो, राग मानू नका.

आजपासून त्यांना त्या कुंड्यांना हात लावू देऊ नका. कारण विचारलं तर खोटं सांगू नका, पण सगळं सांगण्याआधी वकिलाला भेटा. त्यांना कळल्यावर त्यांची कायदेशीर जागा बदलते. जमीनधारकाने आपल्या जागेतल्या अशा लागवडीची खबर द्यावी असं कलम ४६ सांगतं, ते फ्लॅटच्या बाल्कनीला कितपत लागू पडतं यावर वाद घालता येईल, पण तो वाद आईच्या जिवावर घालायचा नाही. शक्य असेल तर त्यांच्यासाठी वेगळा वकील घ्या. तुमचं आणि त्यांचं हित इथे तंतोतंत एक नाही.

उरला तुमचा शेवटचा प्रश्न, उपटून टाकू का. याचं उत्तर कट्ट्यावर कुणीही पटकन देईल, वकील देत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली गुन्ह्याचा पुरावा नाहीसा करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो स्वतःच्या गुन्ह्याचा पुरावा नष्ट करणाऱ्यालाही लावता येतो. सेक्रेटरींनी झाडं पाहून झाली आहेत. रविवारी रिकाम्या कुंड्या आणि ताजी उकरलेली माती दिसली, तर संशय विरत नाही, त्याला आकार येतो. वही जाळणं, फोटो पुसणं यालाही हेच लागू. उलट बाजूने, झाडं जपत राहणं म्हणजे रोज लागवड चालू ठेवणं. या दोन टोकांच्या मधली वाट समोर बसूनच ठरते : पोलिसांना आपणहून कळवायचं का, कोणत्या शब्दांत, अटकपूर्व जामिनाचा अर्ज आधी की नंतर. तोवर कापणी नाही, नवी नोंद नाही, नवा फोटो नाही. आणि मित्राकडे कुंडी हलवण्याचा विचार तर स्वप्नातही नको. त्याने मित्र आरोपी होतो आणि प्रकरणाला कटाचं कलम लागू शकतं.

त्याआधीच पोलीस दारात आले तर अडवू नका, वादही घालू नका, पण काय होतंय ते लक्षात ठेवा. घराची झडती घेण्याआधी मिळालेली खबर अधिकाऱ्याने लिहून ठेवायची असते आणि तिची प्रत बहात्तर तासांत वरिष्ठांकडे पाठवायची असते. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय यायचं तर कारणं नोंदवावी लागतात. तुमच्या अंगझडतीआधी ‘राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती हवी का’ हे विचारायला हवं. हा हक्क अंगझडतीचा आहे, बाल्कनीचा नाही, यात पुष्कळ जण गल्लत करतात. पंचनाम्यात झाडं किती, शेंडे वेगळे काढून तोलले की मुळं-खोडासकट, हे नोंदलंय का पाहा. नुसत्या शेंड्यांचं वजन आणि अख्ख्या झाडाचं वजन यातल्या फरकावर मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका मोठ्या प्रकरणात जामीन दिला होता. जबाब देताना नाव-पत्ता सांगा, बाकीचं वकील आल्यावर. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या तोफन सिंग निकालानंतर या अधिकाऱ्यांपुढची कबुली पुराव्यात धरली जात नाही, पण कबुली दिली की तपास तिच्यामागून धावतो, म्हणून ती न देणंच बरं.

पाठदुखीचं खरं औषध हवं असेल तर डॉक्टरांकडे जा. आयुर्वेदात विजया नावाने भांगेपासून बनलेली परवानाधारक औषधं वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात. ती तुमच्या दुखण्याला लागू पडतील की नाही ते वैद्य ठरवतील, मी नाही.

सेक्रेटरींना पैसे, भेटवस्तू, धमकी किंवा गयावया, यांतलं काहीही नको. प्रत्येकाचा साक्षीदार तेच होणार. मीटिंग रविवारी आहे. जिल्हा न्यायालयात फौजदारी काम करणारा, एनडीपीएसची प्रकरणं चालवलेला वकील गाठा, आणि तो शुक्रवारपर्यंत गाठा, कारण शनिवारी अर्जावर सही झाली तरी रविवारआधी त्यावर सुनावणी होईलच असं नाही.