दोन मजकूर सारखे आहेत का, हे फोर्थला कसे विचारावे?

प्रश्न : निवृत्तीनंतर मी हौसेने फोर्थ ही स्टॅकवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या संख्यांच्या चळतीवर, चालणारी संगणकभाषा शिकतो आहे. ‘कमल’ हा शब्द दोनदा देऊन पुढे बरोबरीचे चिन्ह टंकले, तरी उत्तर शून्य, म्हणजे ‘नाही’ असे येते. शिवाय त्याखाली दोन अनोळखी आकडे उरतात. माझे काय चुकते?

उत्तर : उरलेल्या आकड्यांकडे आपले लक्ष गेले हे फार बरे झाले, कारण चूक तेच दाखवतात. चार्ल्स मूर यांनी घडवलेल्या या भाषेत मजकूर स्मृतीतच राहतो आणि स्टॅकवर चढतात त्या दोन संख्या : आधी त्याचा पत्ता, त्यावर त्याची लांबी. आपण दोन शब्द दिलेत, तेव्हा चार संख्या झाल्या. बरोबरीच्या चिन्हाने त्यांतल्या वरच्या दोनच उचलल्या आणि दुसऱ्या शब्दाचा पत्ता त्याच्याच लांबीशी ताडून पाहिला. उरले ते पहिल्या शब्दाचा पत्ता आणि ९; अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरी वर्ण तीन बाइट (स्मृतीची छोटी एकके) घेतो, म्हणून ‘कमल’ची लांबी ९.

या कामासाठी फोर्थच्या १९९४च्या प्रमाणकात (भाषेच्या ठरवलेल्या नियमांत) ‘कंपेअर’ हा शब्द आहे. तो चारही संख्या उचलतो, स्मृतीतले बाइट क्रमाने ताडतो आणि मजकूर सारखे असतील तर शून्य, पहिला आधी येत असेल तर उणे एक, नंतर येत असेल तर एक ठेवतो. वर्णानुक्रम लावताना हे तिहेरी उत्तर फार उपयोगी पडते; मात्र अट तपासणारा ‘इफ’ हा शब्द शून्याला ‘नाही’ समजतो, त्यामुळे मध्ये शून्याशी तुलना करणारा शब्द घातल्याशिवाय अट नेमकी उलटी चालते.

आज्ञा थेट टंकून पाहत असाल तर आणखी एक जपावे. जुन्या प्रमाणकाने अशा मजकुरासाठी एकाच तात्पुरत्या जागेची हमी दिली होती. तेवढीच जागा असलेल्या प्रणालीत दुसरा शब्द पहिल्यावर लिहिला जातो आणि ‘कमल’ व ‘विजय’ नव्हे, पण ‘कमल’ व ‘नयन’ हे समान लांबीचे शब्द एकच ठरतात. २०१२च्या प्रमाणकाने अशा किमान दोन जागा बंधनकारक केल्या.

मराठी मजकुरात ‘तऱ्हा’सारख्या शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे. त्यातला अर्धा र कोणी ऱ आणि हलन्त देऊन टंकतो, कोणी साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाची लांबी १५ बाइट, दुसऱ्याची १८. ‘कंपेअर’ त्यांना वेगळेच म्हणणार. म्हणून मजकूर आत घेतानाच तो एका रूपात आणावा आणि मगच ताडावा.