धुक्याचा चिखल होतो तो तेलामुळे, पांढऱ्यामुळे नाही

जर्मन चित्रकार फ्रीडरिखच्या १८१८च्या सुमारास काढलेल्या 'धुक्याच्या समुद्रावरचा भटक्या'ची नक्कल करताना धुकं राखाडी चिखलासारखं झालं, तीन आठवड्यांनंतरही बोटाला चिकटतंय आणि वर सुरकुत्या पडल्यात, असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं ओळखीचं आहे. मलाही सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. रेखाटन, ग्रीड तुमचं ठीक दिसतंय, त्यावर बोलत नाही. (मूळ चित्र ९४.८ × ७४.८ सेंमी आहे, म्हणजे लहान नकलेसाठी १६ × २० इंची तयार कॅनव्हास लांबी-रुंदीच्या प्रमाणात जवळजवळ बसतो.)

पांढरा रंग बदलून काही होणार नाही, चूक जास्तीच्या तेलाची आहे. "रंग फिरत नसेल तर थोडं तेल घाल" हा सल्ला क्लासमध्ये इतक्या सहज दिला जातो की राग येतो. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. जाड थराची वरची साय आधी धरते, ती पसरते, आत ओलं असतं, म्हणून सुरकुत्या. त्यावर आणखी रंग चढवू नका. मऊ आहे तोवर पॅलेट नाइफने खरवडून काढा.

आता धुकं. पॅलेटवर पांढऱ्यात निळा आणि काळा कालवून ते होत नाही. पूर्ण वाळलेल्या गडद रंगावर पांढऱ्याचा अगदी विरळ थर बसला की तो आपोआप निळसर दिसतो, चुलीचा धूर काळ्या भिंतीसमोर दिसतो तसा. म्हणून आधी खडक आणि डोंगर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि थोड्या अल्ट्रामरीन निळ्यामध्ये, फक्त टर्पेंटाइनने पातळ करून संपवा. अंबर लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक रखडतो, तो या थरात नकोच. कोरडा कापूस फिरवून पाहा. रंग लागला तर थांबा. पावसाळ्यात आणखी थांबा.

मग वाटाण्याएवढा टायटॅनियम व्हाइट, त्यात नखभर यलो ओकर (मातकट पिवळा). टायटॅनियम व्हाइट फ्रीडरिखच्या काळी नव्हता, तेव्हा शिशाचा पांढरा असे. पण शिसं विषारी, घरी नको. टायटॅनियम फार झाकतो, म्हणून आणखी कमी घ्या. झिंक व्हाइट एकटा वापरू नका, पुढे तडकतो. जुना, झिजलेला हॉग ब्रश (डुकराच्या राठ केसांचा) घ्या, वर्तमानपत्रावर पुसून जवळजवळ कोरडा करा आणि ठिपकत जा. पुसायचं नाही, घासायचं नाही. डोंगराचं शिखर करकरीत राहू द्या, पायथा विरघळू द्या. सगळीकडे सारखी मऊ कडा केली की धुकं कापसासारखं दिसतं. हा थर वाळला की दुसरा. घाई असेल तर हे चित्र निवडू नका, स्पष्टच सांगतो. ओल्यावर ओलं रंगवायला शिकवणारे व्हिडिओ या चित्राच्या कामाचे नाहीत. फ्रीडरिखचा रंग पातळ आहे, ब्रशचे फटकारे दिसतच नाहीत.

दुसऱ्या थरात एक भाग तेल, तीन भाग टर्पेंटाइन. शेवटच्या थरात फार तर निम्मं-निम्मं, तेही थेंबांनी. खालचा थर वरच्यापेक्षा तेलकट नको, नाहीतर पुढे भेगा. मी पेंटर आहे, चित्रसंवर्धनातला तज्ज्ञ नाही, त्यामुळे ही प्रमाणं अंदाजाने घ्या. हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन वापरत असाल तर थोडं काचेवर उडू द्या. चिकट डाग राहिला तर ते भिंतीच्या रंगासाठीच.

गडद हिरव्या कोटातला भटक्या अगदी शेवटी. त्याच्या कोटाची कडा धुक्यावर आली पाहिजे, धुकं कोटावर नाही.

चित्र वाळताना कपाटात ठेवू नका, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. उजेडात ठेवा, थेट उन्हात नाही. आणि तेल पुसलेल्या चिंध्या चुरगळून डब्यात टाकू नका. त्या आतून तापतात, पेटही घेतात. पाण्यात भिजवून सुट्या पसरून वाळवा, मगच टाका.