एकाच होडीतले पेत्र आणि थोमा

टोरोंटोहून एका वाचकांचे पत्र आले आहे. ते नगरच्या एका जुन्या मंडळीत वाढले. दोन वर्षांपूर्वी वडील वारले तेव्हा नोकरीच्या अडचणीमुळे ते गेले नाहीत, आणि वर औषधपाण्याच्या खर्चावरून धाकट्या भावाला लिहू नये ते लिहून बसले. तेव्हापासून दोघांत अबोला आहे. दर रविवारी आई फोनवर विचारते, "उपासनेला गेला होतास ना रे?" आणि ते "हो" म्हणतात, प्रत्यक्षात चर्चची पायरी चढून त्यांना वर्ष लोटले आहे. आता अकरा वर्षांच्या मुलीने विचारले आहे, "बाबा, येशू खरंच उठला का?" ज्याचा स्वतःचाच विश्वास डळमळला आहे, त्याने ईस्टरला कोणत्या तोंडाने जावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

बंधू, याच तोंडाने जावे. योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय पुन्हा उघडून पाहा. येशू मेलेल्यांतून उठल्यानंतर तिबिर्य समुद्रावर, म्हणजे गालीलाच्या सरोवरावर, रात्रभर जाळी टाकणाऱ्या सात शिष्यांची तेथे नोंद आहे, आणि तिच्यातली पहिली दोन नावे पेत्र आणि थोमा यांची आहेत. ज्याने येशूला तीनदा नाकारले तो पेत्र आणि ज्याने खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय येशू उठला हे मानायचे नाकारले तो थोमा, असे दोघे एकाच होडीत आहेत. किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासळी ठेवली आहे, शेजारी भाकर आहे. येशूला धरून नेले त्या रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात पेत्र शेकत उभा राहून "मी त्याचा नव्हे" म्हणाला, तोही कोळशांचाच विस्तव होता. येथे मात्र प्रभू आधी जेवायला बोलावतो, आणि न्याहारी झाल्यावरच तीनदा विचारतो, "माझ्यावर प्रीती करतोस काय?" तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटले, असे योहान स्पष्ट लिहितो. क्षमा मिळताना जुनी जखम दुखतेच, आणि तुमच्या भावाशी बोलतानाही ती दुखेल. तरी खर्चाचा हिशेब पुन्हा काढू नका. "माझे चुकले, बाबांच्या वेळी सगळे तू एकट्याने निभावलेस" एवढेच म्हणा, आणि तो रागावला तर ऐकून घ्या.

शंकेबद्दल मला पंडिता रमाबाईंची आठवण होते. 1883 मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे, परक्या देशात, त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरही त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) व ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी त्या आपल्याला शिकवणाऱ्या ख्रिस्ती भगिनींना पत्रांतून निर्भीडपणे प्रश्न विचारत राहिल्या. पटले नाही ते पटले असे त्यांनी म्हटले नाही, आणि ख्रिस्तालाही सोडले नाही. याच बाईंनी पुढे पुणे जिल्ह्यातील केडगावला बसून, मूळ भाषांचा अभ्यास करून, अवघ्या बायबलचे मराठी भाषांतर केले. म्हणून मुलीला घाईने पाठ केलेले उत्तर देऊ नका. "आजीचा यावर पूर्ण विश्वास आहे, मला शंका आहेत, आणि मी अजून शोधतो आहे, आपण ही गोष्ट मिळून वाचू," असे सांगितले तर तिला बापाचा खरेपणा तरी हाती लागेल.

रविवारी जवळच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसा. उपासनेतले एखादे वाक्य म्हणवत नसेल तर गप्प राहा, शेजारचे म्हणतीलच. उठलेला येशू पहिल्या संध्याकाळी शिष्यांना भेटला तेव्हा थोमा तेथे नव्हता, आणि आठ दिवसांनी पुन्हा त्याच मंडळीत येऊन बसला, तेव्हा त्याला कोणी बाहेर काढले नव्हते.

त्याआधी आईला मात्र खरे सांगा. शनिवारी रात्री तुमच्याकडे साडेआठ वाजतील, तेव्हा नगरला ईस्टरच्या पहाटेचे सहा झालेले असतील आणि त्या पांढरे पातळ नेसून निघायच्या तयारीत असतील. त्यांना थोडे आधी, आठलाच गाठा. "आई, वर्षभर मी तुला खोटे सांगत होतो, उद्या जाणार आहे," म्हणा, आणि भाऊ घरी असेल तर फोन त्याच्याकडे द्यायला सांगा.